कोपऱ्यातलं पांढरं

स्टुडिओत पाऊल टाकल्या टाकल्या काजळीचं डोकं सणकलं. समोर भिंतीएवढ्या पडद्यावर तिची गल्ली उभी होती. ओला रस्ता, एकच दिवा, भिंतीवर खिडकीच्या पट्ट्यांची सावली, आणि टोपीवाल्या हेराच्या चेहऱ्याच्या जागी निव्वळ काळं. त्यातलं कणन् कण काळं तिनं स्वतःच्या हातानं भरलेलं. आणि खाली नाव कुणाचं? दादाचं. एकट्याचं!

"अगं, ते कच्चं आहे," दादा घाईघाईनं म्हणाला. "सिनेमात येईल तुझं नाव. मी बोललोय."

"कुणाशी बोललास? भिंतीशी?"

दादा तिचा सख्खा मोठा भाऊ. तो पेन्सिलीनं चित्र काढायचा, ती त्यावर शाई चढवायची. बोटं कायम काळी, म्हणून काजळी हे नावही त्यानंच ठेवलेलं. त्या दोघांची हेराची चित्रमालिका वर्षानुवर्षं धो धो खपली. पण दादाची पेन्सिल म्हणजे काय हो? दोन माणसं, एक टेबल, एक दिवा, सगळं लख्ख आणि सपाट, शाळेच्या पुस्तकातल्यासारखं. त्यातला अर्धा चेहरा अंधारात बुडवायचा, खोलीचा कोपराच नाहीसा करायचा, शाई पुरती वाळली की ब्लेडनं खरवडून त्यातून पांढरा पाऊस काढायचा, हे सगळं हिचं. लोक म्हणायचे, काय अंधार आहे! दादा मान डोलवायचा. मुलाखतीत तर "अंधार मी स्वतः भरतो" असं ठोकून द्यायचा. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय! शेवटी एकदा कडाक्याचं भांडण झालं, काजळीनं ब्रश ठेवला आणि मालिका बसली. दादानं मात्र सगळीकडे सांगितलं की खऱ्या कलावंताला थांबायचं कधी ते कळतं.

आता त्याच मालिकेवर सिनेमा निघत होता. दिग्दर्शक पोरगेलासा होता, हुशार होता, आणि बोलायला लागला की ऐकायचा नाही.

"काकू, अख्खा सिनेमा पुस्तकाच्या पानांसारखा दिसणार! रंग नाहीच. फक्त हिरॉइनच्या ओठांवर लाल."

"लाल कशाला? आमची बाई काडी पेटवायची, त्या उजेडात दिसायची तेवढीच दिसायची. आणि ही मागची भिंत राखाडी कुणी केली? धुऊन धुऊन विटलेल्या फडक्यासारखी दिसतेय. काळं म्हणजे काळं. भीती वाटत असेल तर भर दुपारी करा की शूटिंग."

कॅमेरामन खुदकन हसला. दादानं दिग्दर्शकाच्या खांद्यावर हात ठेवला. "तिचं मनावर घेऊ नका. तिला सिनेमातलं काय कळतंय!"

काजळीच्या मस्तकात तिडीक गेली. तरी ती उठून गेली नाही, कारण टेबलावर ते पान होतं. मालिका बंद पडली तेव्हा पेन्सिल होऊन शाईवाचून राहिलेलं एकुलतं एक पान.

"पहिलाच शॉट याचा," दिग्दर्शक म्हणाला. "पडद्यावर फक्त एक हात. तो काळं भरत जातो आणि सगळं भरून झालं की कोपऱ्यात सरांची सही तेवढी पांढरी चमकते. तेच त्यांचं नाव, वेगळी पाटी टाकणारच नाही. पान एकच आहे, तेव्हा एकदाच घ्यायचं. सरांचा हात हल्ली थरथरतो ना, म्हणून तुम्हाला बोलावलं."

काजळीनं दादाकडे पाहिलं. त्याच्या हातात काठोकाठ भरलेला कॉफीचा कप होता. थेंब सांडत नव्हता.

"आणि माझं नाव?"

"हाताचं कुठे नाव येतं, काकू?" दिग्दर्शक बिचारा सरळ मनानं म्हणाला.

"दादा, सांग याला. काळं कोण भरायचं?"

दादा छताकडे बघत म्हणाला, "मदत करायचीस की तू. नाही कोण म्हणतंय?"

मदत! रात्र रात्र डोळ्यांच्या खाचा करून घेतल्या, ती मदत! तोंडात आलेली शिवी तिनं गिळली.

"दे तुझा कोट," ती म्हणाली.

पडद्यावर हात त्याचाच वाटावा म्हणून दादाच्या कोटाच्या बाहीत हात घालून ती बसली. दिवा लागला, कॅमेरा सुरू झाला. इतक्या वर्षांनीसुद्धा ब्रश जागच्या जागी वळत होता. भिंत गेली, जिना गेला, माणूस कमरेपर्यंत गेला. उरला उजवीकडचा खालचा कोपरा. तिथे दादाची सही पेन्सिलीनं केलेली होती. प्रत्येक पानावर काजळी ती अक्षरं सोडून भोवतीनं काळं भरायची, म्हणून ती पांढरी उठायची. त्याचं नाव दिसायचं ते तिनं सोडलं म्हणून.

आज तिनं नाही सोडलं. पहिल्या अक्षरावरून ब्रश सरळ पुढे गेला.

"ए, जपून!" दादा ओरडला.

"शू! शॉट चालू आहे," दिग्दर्शक खेकसला.

काजळीनं सही शेवटच्या टिंबापर्यंत भरून काढली आणि ब्रश खाली ठेवला.

"मुद्दाम केलंस! सटवी कुठली!" दादा कप टाकून धावला. टेबलावरचं ब्लेड त्यानं उचललं. "काही बिघडलेलं नाही. पाऊस काढतात तसं नाव काढतो बाहेर. कॅमेरा चालू राहू दे!"

त्यानं ओल्या शाईवर ब्लेड ओढलं. शाई फरफटली, कागदाचा लगदा झाला. त्यानं आणखी जोर लावला आणि पान कोपऱ्यापासून पार जिन्यापर्यंत फाटलं. काजळीचा हात आपोआप पानाकडे गेला. पान तिचंही होतं.

कॅमेरामननं हळूच कॅमेरा बंद केला.

"शाई वाळू द्यायची असते, दादा," काजळी म्हणाली. "पाऊस काढणाऱ्याला माहीत असतं ते."

दिग्दर्शकानं फाटक्या पानाकडे पाहिलं, मग दादाच्या हाताकडे. हात आता खरंच थरथरत होता.

"काकू," तो म्हणाला, "तुमचं नाव काय लिहू?"

तिनं कोट काढून दादाच्या अंगावर फेकला.

"त्याला विचारा. त्याच्या तोंडून निघालं तर लिहा, नाहीतर राहू दे तसंच."

ती दाराशी जाऊन उभी राहिली. दिग्दर्शक पेन काढून दादासमोर थांबला. दादानं दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा मिटलं.