दुपारचा खंड

दुरुस्तीवाल्याने संगणकाचं जुनं ग्राफिक्स कार्ड उलटं धरून त्यातली धूळ फुंकली.

"ताई, चित्र काढणारा भाग गेलाय. यातून स्क्रीनवर नुसते पट्टे येणार. आकडेमोड मात्र अजून खणखणीत."

"बाबांना आकडेमोडच हवीय." बाळाच्या मुठीतून स्वतःचे केस सोडवत ती म्हणाली.

"मग चालेल. पण एक सांगतो, हे एकदा लावलं की माणूस जागेवर असो नसो, चालतच राहतं. त्याच्या भरवशावर राहू नका."

"भरवसा कसला? बाबा रिकामेच आहेत. बसतील राखण करत." ती हसली.

कार्डाचा मूळचा पंखा जळाला होता. त्याने दुसऱ्याच कुठल्यातरी कार्डाचा बसवून दिला. तो घरघरायचा.

एक संशोधन संस्था एका अवाढव्य गणिताचे तुकडे करून जगभरच्या घरगुती संगणकांना वाटत असे. आई शेवटी शेवटी ज्या आजारात बाबांनाच "तुम्ही कोण?" विचारायला लागली होती, त्या आजारावरचं हे गणित. तुकडा सोडवून परत गेला की संस्थेच्या पानावर नावापुढचा आकडा एकाने वाढायचा. बाबांनी नाव घेतलं होतं 'रिकामटेकडा'.

बाळ झाल्यावर तिचा फोन रोजचा दोन दिवसांवर गेला, मग आठवड्यावर. त्यावर बाबांनीच तोडगा काढला.

"फोन कशाला करतेस? ते पान बघत जा. आकडा हलतोय म्हणजे मी हलतोय."

पाच तासांच्या अंतरावर एकटा राहणारा बाप. बाळाला पाजता पाजता ती एका हाताने पान उघडायची. आकडा वाढलेला दिसला की खांदे सैल पडायचे.

बुधवारी सकाळी आकडा पाहून तिने भुवया उंचावल्या. इतके तुकडे बाबांनी कधीच सोडवले नव्हते.

"सासरेबुवा सुसाट सुटलेत." नवरा तिच्या खांद्यावरून डोकावत म्हणाला.

'बाबा, कमाल आहे तुमची!' तिने निरोप धाडला आणि बाळाचे कपडे वाळत घालायला गेली.

दुपारी बाळ झोपल्यावर तिने पान पुन्हा उघडलं. उत्तर आलं नव्हतं. सहज म्हणून तिने तुकड्यांच्या वेळांची यादी खाली सरकवली. कुठला किती वाजता पोचला, सगळं ओळीने होतं. रविवारी दुपारी एक ते चारमध्ये काहीच नव्हतं. शनिवारीही नाही. शुक्रवारीही नाही. बाबा तेव्हा झोपायचे, आणि त्या घरघरीत डोळा लागत नाही म्हणून रात्रीसारखंच मशीन बंद करायचे.

सोमवारी एक ते चारमध्ये तीन तुकडे होते, रात्रभरही होते. मंगळवारी तीन. आज आत्तापर्यंत दोन.

तिचा अंगठा काचेवर तसाच राहिला. घरात कुठेतरी नळ ठिबकत होता आणि तो बंद करायला हवा, एवढंच तिला सुचलं. मग तिने फोन लावला. पूर्ण वाजून थांबला. पुन्हा लावला.

अकरा वेळा वाजून थांबल्यावर तिने बाबांच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या शिंपीणकाकूंना लावला.

"काकू, जरा वर जाऊन बघता का? बाबा फोन उचलत नाहीयेत."

"अगं, आहेत की घरात. मशीनची घरघर रात्रंदिवस चालू आहे. मी म्हटलं, हा बाबा झोपतो तरी कधी!"

"काकू, दार तोडा."

"काय बोलतेस?"

"तोडा. मी फोनवर आहे."

जिन्यावरची पावलं, कुणाला तरी मारलेल्या हाका, लाकूड फुटल्याचा आवाज. मग ती घरघर, इतकी जवळून, की तिने फोन कानापासून दूर धरला.

"पलंग आणि भिंतीच्या मध्ये आहेत," काकूंचा आवाज ओळखू येईना. "डोळे उघडे आहेत गं. श्वास... आहे. श्वास आहे."

इस्पितळात पोचेपर्यंत अंधारलं होतं. बाबांचा अर्धा चेहरा हलत नव्हता. काकूंनी त्यांचा फोन आणून दिला. तो दोन दिवस टेबलावर चार्जरला लावलेलाच होता. तिने तो उघडला. न घेतलेले अकरा फोन, सगळे आजचे. सोमवारी एकही नाही. मंगळवारी एकही नाही. वर न वाचलेला एक निरोप होता: बाबा, कमाल आहे तुमची!

"फोन... वाजलेला... ऐकला," बाबा जड जिभेने म्हणाले. ती त्यांच्या ओठांना ओला कापूस लावत राहिली.

दुसऱ्या दिवशी, बाळ नवऱ्याच्या मांडीवर असताना, तिने संस्थेच्या पानावर बाबांचं मशीन थांबलेलं पाहिलं. त्यांच्या नावाखाली आणखी एक नाव होतं, 'हरवलेलाचष्मा'. तिने त्याची यादी उघडली. महिनोन्‌महिने रोज सकाळी दोन तासांचा खंड. आणि गेले नऊ दिवस एकही खंड नाही.

"अगं, कितीतरी लोक मशीन चालूच ठेवतात," नवरा हळूच म्हणाला.

"हो," ती म्हणाली, आणि पानाच्या तळाशी, सगळ्यांना दिसेल अशा जागी लिहू लागली.

'तुम्ही मला ओळखत नाही. हरवलेलाचष्मा या नावाचं माणूस बाई आहे की बुवा, कुठल्या गावचं, मला माहीत नाही. वाचणाऱ्यांपैकी कुणाला ठाऊक असेल, तर कृपा करून आत्ता उठा आणि त्यांच्या घरी जा. आतून मशीनचा आवाज आला तरी परत फिरू नका. दार उघडेपर्यंत वाजवा, आणि मला इथेच कळवा. मी जागी आहे.'