समुद्राच्या बाजूची सीट

सहलीचा रस्ता ठरवायचं काम आमच्या घरी ह्यांचं. कितीही वळसा पडो, समुद्र माझ्याच खिडकीकडून दिसला पाहिजे, हा ह्यांचा हट्ट. मी मनसोक्त समुद्र बघायचे आणि गाडी चालवणारे हे, पुढच्या ट्रकची पाठ.

यंदा, पन्नाशी उलटल्यावर, मी गाडी शिकले. "किनाऱ्याच्या रस्त्यावर मीच चालवणार," असं ठणकावून सांगितलं. मागच्या सीटवरून लेक म्हणाली, "बाबा, पट्टा घट्ट लावा हं!" मी तिकडे लक्षच दिलं नाही. वळणं अशी घेतली, की ह्यांच्या हातातला चहासुद्धा हिंदकळला नाही. तरी ह्यांचा पाय आपला तिथे नसलेला ब्रेक दाबतोच आहे! मग किनारा लागला आणि तो पाय थांबला.

बऱ्याच वेळाने हे म्हणाले, "अगं, हा नवा रस्ता कुठून शोधलास? काय सुंदर आहे!"

लेक हसत सुटली. "बाबा, दर वर्षी तुम्हीच आणता की इथून!"

मान वळवून ह्यांचा चेहरा बघायची सोय नव्हती. आता ट्रकची पाठ माझ्यापुढे होती. मी वेग कमी केला. मागचा गाडीवाला हॉर्न वाजवायला लागला.

वाजव म्हटलं हवा तेवढा. आमच्या ह्यांचा समुद्र बघून व्हायचाय अजून.