दोन्ही पाय सारखेच

दुपारचे चार वाजून गेले तरी मिस्त्रीचा डबा सायकलच्या दुकानातल्या बाकावर न उघडता पडून होता, कारण दातांचे डॉक्टर दीड तासापासून काउंटरला चिकटून बसले होते. त्यांच्याकडे दोन सायकली होत्या, एक डांबरी रस्त्याची, एक डोंगरातली. दोन्हींना टायर आणि पायाचा जोर मोजणारे पॉवर मीटर घ्यायचे होते. घ्यायचे कसले, निवडायचे होते. एक पसंत पडला की लगेच दुसऱ्याची चौकशी. अठ्ठावीसचा टायर बरा की बत्तीसचा, हवा किती भरायची, डोंगरात खडे जास्त असले तर कुठला, चिखल असला तर कुठला, आणि खडेही असले आणि चिखलही असला तर मग काय. हा माणूस दुसऱ्याची दाढ काढताना तरी इतका विचार करत असेल का, असं मिस्त्रीच्या मनात येऊन गेलं. पण तोंडावर हसू ठेवून तो एकेक टायर खुंटीवरून काढत राहिला आणि परत लावत राहिला.

"हे मीटर फक्त डाव्या पायडलच्या क्रँकला आहे," डॉक्टर म्हणाले. "उजव्या पायाचं काय?"

"ते डाव्या पायाचा जोर मोजतं आणि दुप्पट करून दाखवतं. सगळे हेच नेतात. माणसाचे दोन्ही पाय सारखेच असतात, डॉक्टर."

हे वाक्य मिस्त्रीचं नव्हतं, त्याच्या थोरल्या भावाचं, दादाचं होतं. पहिलं मीटर दुकानात आलं तेव्हा दादाने ते गिऱ्हाइकाला ऐकवलं होतं आणि गिऱ्हाईक मुकाट्याने मीटर घेऊन गेलं होतं. तेव्हापासून ते वाक्य दुकानातल्या हवेच्या पंपासारखं झालं होतं. ज्याच्या हाताला लागेल त्याने वापरायचं. मिस्त्रीने ते किती जणांना ऐकवलं असेल त्याची गणती नव्हती.

डॉक्टरांनी नेहमीप्रमाणे "विचार करतो" म्हटलं आणि ते गेले. मिस्त्रीने डब्याला हात घातला, तेवढ्यात दारात टॅक्सी थांबली.

आधी वहिनी उतरली, मग तिच्या खांद्याला धरून दादा. दुकानाचा खरा मालक, वय बासष्ट. गेल्या हिवाळ्यात त्याला पॅरालिसिसचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. बोलणं महिन्याभरात परत आलं, हात बराचसा आला, पाय मात्र हळूहळू. तेव्हापासून काउंटर आणि दुरुस्ती दोन्ही मिस्त्रीच्याच गळ्यात होतं. तक्रार नव्हती त्याची. पण सकाळी शटर उचलताना आताशा त्याला वाटायचं, ते आपोआप वर गेलं असतं तर किती बरं झालं असतं.

"रविवारी जातोय," दादा स्टुलावर टेकत म्हणाला. "मंडळींबरोबर, खिंडीपर्यंत. काल एकशे बावन्न वॅट आले. तासभर."

"दाखवते," वहिनी म्हणाली आणि तिने पिशवीतून घडी घातलेला कागद काढला. फ्रिजवर लावलेला असायचा तो, चारी कोपऱ्यांना चिकटपट्टीचे डाग होते. दादा रोज सकाळी घरात स्टँडवर लावलेली रस्त्याची सायकल चालवायचा. दीडशे वॅट झाले की बाहेर पडायचं, असा पण त्यानेच केला होता. वहिनी रोजचा आकडा लिहायची. शहाण्णवपासून सुरुवात होती. मग एकशे दहा, एकशे चोवीस, एकशे एकोणचाळीस. एकशे चोवीसच्या बाजूला तिने एक छोटं फूल काढलं होतं आणि खाली लिहिलं होतं, 'फिजिओ बंद'.

"त्या बाई रोज तेच तेच करून घ्यायच्या," दादा म्हणाला. "पाय उचला, पाय टेका. आकडा चढतोय तर कशाला हवी ती कटकट. तू आता माझी इथे ठेवलेली डोंगरातली सायकल तयार कर. मीटर तिकडे लाव, आणि टायर सांग कुठला घालू."

टायर निवडणं मिस्त्रीला सोपं होतं. खिंडीचा रस्ता फुटका, उतारावर बारीक खडी. त्याने जाड, मोठ्या गुट्ट्यांचे टायर काढले, डोंगरातल्या सायकलला चढवले, हवा कमी भरली. घरच्या सायकलची मीटर लावलेली डावी क्रँक वहिनीने पिशवीतून आणली होती. दोन्ही सायकलींना चालेल अशीच त्याने तेव्हा निवडून दिली होती. ती बसवली, आणि मागचं चाक दुकानातल्या स्टँडच्या फिरत्या रुळावर टेकवलं.

"बस. बघू उंची बरोबर आहे का."

दादा चढला. चढायला त्याला वेळ लागला, वहिनीने पाठीला हात दिला. मग त्याने पायडल मारायला सुरुवात केली.

रस्त्याचा टायर गुळगुळीत असतो, रुळावर त्याचा आवाज नुसता सळसळ. घरी चार महिने तोच आवाज होता आणि त्यात कुणाला काही ऐकू येण्यासारखं नव्हतं. गुट्ट्यांचा टायर मात्र रुळावर गुरगुरतो, आणि जोर वाढला की वरच्या पट्टीत जातो. मिस्त्री पाना पुसत उभा होता. त्याच्या कानावर आलं ते असं: गुर्र, आणि मग काही नाही. परत गुर्र, आणि काही नाही. डावा पाय खाली जाताना चाक ओरडत होतं. उजवा खाली जाताना ते नुसतं आधीच्या जोरावर फिरत होतं.

हँडलवरच्या पडद्यावर आकडा होता एकशे अठ्ठेचाळीस.

मिस्त्रीच्या हातातला पाना तसाच राहिला. आपण काय करून ठेवलं ते त्याला एका क्षणात कळलं. हे मीटर डाव्या पायाचं होतं. डावा पाय बिचारा उजव्याचंही ओझं वाहत होता, रोज थोडा अधिक. आणि यंत्र त्या डाव्यालाच दोनने गुणून आकडा चढवत होतं. उजवा जितका मागे पडेल तितका आकडा चांगला येणार. सायकलीत जन्म घालवलेल्या दोन माणसांच्या डोक्यात हे यायला हवं होतं. पण दुकानात सगळे डावंच मीटर नेत होते, म्हणून त्याने सख्ख्या भावालाही तेच लावून दिलं होतं. त्याच आकड्यावर फिजिओ बंद झाली होती.

गप्प बसता आलं असतं. रविवार परवावर होता, आणि दादा इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा हसत होता. पण उतारावर बारीक खडी असते, आणि तोल गेला की पाय टेकावा लागतो.

"दादा, एक मिनिट थांब," तो म्हणाला.

त्याने काचेच्या कपाटातून नमुन्याची पायडलं काढली. दोन्ही पायांचा जोर वेगवेगळा दाखवणारी. ती फार महाग, म्हणून धूळ खात पडली होती. जुनी काढून ही लावायला त्याला एरवी दोन मिनिटं लागली असती, आज आटे धरेनात. कशाला लावतोयस, असं दादाने एकदा विचारलं. मिस्त्रीने दुसरं पायडल घट्ट केलं.

"आता मार."

पडद्यावर दोन आकडे आले. डावीकडे सत्त्याहत्तर. उजवीकडे अकरा.

दादा पायडल मारत राहिला. मग हळू झाला, मग थांबला. पडद्याकडे त्याने इतका वेळ पाहिलं की पडदा आपोआप विझला.

"पायडल बिघडलंय," तो म्हणाला.

"नाही."

"काय झालं, भाऊजी?" वहिनीने विचारलं. ती बाकावर कागद मांडीवर घेऊन बसली होती, आजचा आकडा लिहायला पेन उघडून.

मिस्त्रीने सांगितलं. सांगताना त्याने कुठलाही आडपडदा ठेवला नाही, आणि चूक माझी आहे हेही सांगितलं. सगळं ऐकून वहिनीने कागदाकडे पाहिलं.

"म्हणजे हे खोटे?"

"निम्मे खरे आहेत, वहिनी. डाव्या पायाचे."

"आणि उजवा सुरुवातीला किती होता?"

"ते मोजलंच नाही."

"म्हणजे तो सुधारत होता आणि आपण थांबवलं, का सुधारतच नव्हता, हे आता कळणार नाही."

"नाही कळणार," मिस्त्री म्हणाला. "मी तुम्हा दोघांचे चार महिने घालवले."

दादा अजून सायकलवरच होता, दोन्ही हात हँडलवर. आता तो चिडेल, असं मिस्त्रीला वाटलं. चिडला असता तर बरंच झालं असतं.

"ते वाक्य माझंच ना," दादा म्हणाला. "दोन्ही पाय सारखेच."

"तुझंच."

"छान खपायचं."

बाहेर कोणीतरी घंटी वाजवून पाहिली, काउंटरवर माणूस नाही म्हणून निघून गेलं. मिस्त्री तिकडे गेला नाही.

मग दादाने डावा पाय पायडलवरून काढला आणि स्टँडच्या लोखंडी दांड्यावर ठेवला.

"उजवा बांध," तो म्हणाला. "घसरतो."

मिस्त्रीने जुन्या ट्यूबची पट्टी कापली, खाली बसून दादाचा बूट पायडलला घट्ट बांधला. बुटातला पाय हाताला हलका लागला, आणि लहानपणी नदीतून बाहेर काढताना दादाने आपल्याला असंच पायाला धरलं होतं ते त्याला आठवलं. तो उठून बाजूला झाला.

दादाने जोर लावला. चाक हललं नाही. त्याने दात आवळले, हँडल ओढलं, परत लावला. पायडल खाली गेलं, पुन्हा वर यायला अडलं, आलं. टायर गुरगुरला. आवाज कसला, घशात अडकलेल्या खोकल्याइतकाच. पण या वेळी तो उजव्या पायाचा होता, आणि तिघांनाही ऐकू आला. पुन्हा एकदा. मग तिसऱ्यांदा. पाचव्या फेरीला दादाचा चेहरा घामाने निथळत होता आणि पाय थांबला.

"किती?" वहिनीने विचारलं.

मिस्त्रीने पडद्याकडे वाकून पाहिलं. "नऊ."

वहिनीने कागद उलटला. मागची बाजू कोरी होती. तिने वर तारीख घातली, खाली नऊ लिहिलं. मग फोन काढला आणि फिजिओच्या बाईंचा नंबर शोधायला लागली.

"रविवारचं मंडळींना सांगून टाक," दादा मिस्त्रीला म्हणाला. "आणि पट्टी सोडू नकोस. अजून एकदा मारतो."