तुकडा बुडेपर्यंत

माझं तोंड फटकळ, पण हात साफ, असं आमच्या अंबाजोगाईच्या छोट्या खासगी लॅबमधे सगळे म्हणतात. तरी कल्याणराव गुरुजींच्या मेंदूच्या चारपैकी तीन तुकड्यांची मीच माती केली. गोठवून पातळ काप काढावा, तर काचेवर नुसती भोकांची जाळी. आतल्या पाण्याचा बर्फ व्हायचा न् पेशी फाटायच्या. आता एकच तुकडा राहिलता.

गुरुजींनी शेवटची तीन वर्षं बायकोला वळखच दिली न्हवती. गुरुजी गेल्यावर त्या बायकोनं, दानम्माकाकूंनी, स्वतः त्यांचा मेंदू तपासायला दिला. "आजार हुता का माज्यावर रुसले हुते, एवढं कळू दे," म्हणाल्या.

आमच्या लॅबच्या डॉक्टर वर्षाराणी मॅडमनी चिठ्ठीत लिहिलं हुतं, 'गोठवण्याआधी साखरेच्या पाण्यात बुडेपर्यंत ठेवणे.' मी तुकडा बुडेल इतकं साखरेचं पाणी ओतायची, तुकडा तरंगला की कापसाच्या बोळ्यानं दाबायची न् तासाभरात काढायची. आणखी काय करणार?

त्या दिवशी काकू चौसाळ्याहून एसटीनं आल्या, तवा मी बोळाच ठेवत हुते.

"तरन्नुम, ह्यांचाच का गं हा?"

"हो. तुमी बाहेर बसा, काकू."

बसतील कशाला. बरणीजवळ येऊन म्हणाल्या, "दाबती कावून? मोरावळ्याचा आवळा बी आधी तरंगतो. पाक आत मुरला की आपसूक तळाला जातो. वर हाय तवर कच्चा."

मी चिठ्ठी परत वाचली. तुकडा आपणहून बुडेपर्यंत! म्हंजे साखर आतवर मुरेपर्यंत, मग बर्फ पेशी फाडत न्हाई. इतकी शिकले न् एका शब्दाला फसले. मला माझाच लई राग आला.

बोळा काढून फेकला. दोन दिवस जीव त्या बरणीत. तिसऱ्या सकाळी तुकडा तळाला गेलता. तशीच मॅडमना फोन लावला. जनावरांच्या दवाखान्यातनं मागून आणलेल्या द्रव नायट्रोजनच्या थंडीत मॅडमनी तो झटक्यात गोठवला. मी काप काढला, रंग दिला, काच सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. एक भोक न्हवतं. सगळ्या पेशी जागच्या जागी, न् मधेमधे गडद डाग.

"हाच तो," मॅडम म्हणाल्या. "माणसं विसरायला लावणारा आजार."

मी काकूंना लगेच बोलावून घेतलं. त्यांनी चष्मा काढून डोळा लावला.

"हे डाग आजाराचे, काकू. गुरुजी रुसले न्हवते."

"तीन वर्षं रोज माफी मागितली मी त्यांची," काकू म्हणाल्या न् रडता रडता हसल्या. "कशाची, ते बी ठावं न्हवतं."