सीताराम आजोबांच्या मांडीतली पेशी

मी एक जुनी पेशी आहे, मित्रांनो. सीताराम आजोबांच्या मांडीच्या स्नायूत राहते. माझे कुणी ऐकेल असे वाटत नाही, तरी सांगून पाहते.

आजोबा बुधवार पेठेत पुस्तकांच्या दुकानात कामाला होते. गठ्ठे उचलून माळ्यावर चढायचे आणि संध्याकाळी सायकल हाणत कोथरूडला यायचे. "सीताराम, पायांत मोटार बसवलीस का रे?" मालक विचारायचे. तेव्हा मी फुलून जात असे.

माझे काम दोन प्रकारचे. पोटात अन्न पडले की त्याची खबर माझ्यापर्यंत येते. मग मी वाढते, प्रथिनांचे नवे धागे विणते आणि मोडतोड थांबवते. अन्न आले नाही की विणकाम बंद. मग माझ्यातल्या पिशव्या झिजलेले, बिघडलेले भाग गिळतात, विरघळवतात आणि त्यावर माझी गुजराण होते. शास्त्रज्ञ याला स्वभक्षण म्हणतात. नाव भयंकर आहे, पण दोन जेवणांमधल्या त्या साफसफाईनेच मला इतकी वर्षे धडधाकट ठेवले.

शालन आजी गेल्या आणि हा मेळ तुटला. एकट्याने ताटावर बसणे आजोबांना जमेना. मुलगा संजय बंगळुरूहून फोन करायचा, "बाबा, जेवलात ना?"

"हो रे, आत्ताच हात धुतले."

माझ्याकडे कणही पोचलेला नसायचा. झिजलेले संपले, तेव्हा मी चांगले धागेही मोडू लागले. तेच शरीराला पुरवत राहिले आणि बारीक होत गेले. ओरडायला मला तोंड नाही.

एके दुपारी नात निकिता आली. "आजोबा, जेवण झालं?"

"नाही, तुझ्यासाठी पंगत खोळंबली होती! झालं केव्हाच."

आणि दार लावायला ते खुर्चीतून उठू लागले. मी होता नव्हता तेवढा जोर लावला. नाही उठवता आले मला. ते मटकन खाली बसले.

निकिताने स्वयंपाकघरात जाऊन कोरडी भांडी पाहिली. तिने कुकर लावला आणि दोन ताटे वाढली. "मला एकटीला जेवण जात नाही," ती म्हणाली.

आजोबांनी वरणभात कालवला आणि चाखला. मग म्हणाले, "वरणात मीठ कमी आहे. तुझी आजी..." पुढचे शब्द त्यांनी घासाबरोबर गिळले.

मी पुन्हा विणते आहे, पण हळूहळू. म्हातारपणी गेलेले सगळे परत येत नाही. आजोबा आता भिंत धरून चालतात. मित्रांनो, घरातल्या एकट्या माणसाला नुसते विचारून पुढे जाऊ नका. पान मांडा आणि शेजारी बसा.