चार बोटांची पायरी

मी ओळंबा. बोलायची मला सवय नाही, लोंबायची आहे. दोरीला बांधा, वरून सोडा, डुलायचा थांबलो की भिंत सरळ आहे का वाकडी ते सांगून टाकतो. तोंड बघून सांगत नाही. भिंत सरपंचाची असो नाहीतर देवळाची, वाकडी ती वाकडी. म्हणून मी कुणाला फारसा आवडलो नाही. त्याचं मला काही वाटत नाही.

अंगानं मी पितळी. नगरच्या एका लेथवाल्यानं मोडीतली भांडी वितळवून मला घडवला. त्यात कुण्या बाईच्या माहेरचा तांब्या असणार, नाहीतर मला बायकांचं दुखणं एवढं कळलं नसतं. घोडेगावच्या बाजारात श्रीमंत नावाच्या गवंड्यानं मला घेतलं. तो बाजार जनावरांचा, पण कडेला एक म्हातारा हत्यारं मांडून बसायचा. श्रीमंतानं मला तळहातावर तोललं, दोरी दातानं ओढून बघितली आन् पिशवीत टाकलं.

त्याच्याबरोबर मी तीस वर्षं काढली. शाळेच्या खोल्या झाल्या, समाजमंदिर झालं, पाण्याच्या टाक्या झाल्या. श्रीमंत गेल्यावर मी त्याच्या पोराकडं आलो. अजिनाथ त्याचं नाव. हात चांगला आहे त्याचा. पण त्यानं ती भिंतीवर लाल रेघ पाडणारी डबी घेतली आन् मी पिशवीच्या तळाशी गेलो, थापीच्या खाली, तंबाखूच्या चुऱ्यात. सहा वर्षं तिथं होतो. ते काय दुखणं असतं ते, काम असताना ज्याला घरी बसवलंय त्याला विचारा.

मला परत उजेड दाखवला सहादेवानं.

सहादेव आन् त्याची बायको केशरबाई मूळचे पाथर्डीकडचे. बावीस वर्षं दोघं ऊसतोडीला जायचे. नवराबायकोची जोडी मिळून एक कोयता धरतात. तो तोडायचा, ती मोळ्या बांधायची आन् डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढायची. त्या कमाईवर त्यांनी घोडेगावच्या अलीकडं दोन एकर घेतलं, विहीर पाडली, घर बांधलं. पोरगी सासरी गेली. सगळं जागच्या जागी लागलं, पण केशरबाईचे गुडघे फडातच राहिले. कंबर वाकली ती वाकलीच. काठी टेकत ओट्यावर यायची तर मधे दोनदा थांबायची.

दिवाळीला नेवाशाच्या डॉक्टरनं सांगितलं, हिच्या शुगरमुळं गुडघ्याचं ऑपरेशन करता यायचं नाही. छातीइतक्या पाण्यात रोज चालवा. पाण्यात अंगाचं ओझं कळत नाही, पाय हलते राहतील. पावसाळ्याच्या आत चालायला लागल्या नाहीत तर खाट धरतील, मग उठायच्या नाहीत.

आता छातीइतकं पाणी आणायचं कुठून? प्रवरेला चिखल. विहिरीला तळ लागत नाही. कॅनॉलचं पाणी धावतं, चांगल्या माणसाला ओढून नेतं. नगरला पोहायचा तलाव आहे, पण ही बाई रोज एसटीनं चाळीस किलोमीटर जायची कशी? सहादेवानं चार दिवस विचार केला, मोबाईलवर दहा व्हिडिओ बघितले आन् घरामागं चुना टाकून चौकोन आखला. वीस फूट लांब, दहा फूट रुंद.

ठेकेदार त्यानं लावला नाही. म्हणायचा, “ठेकेदार म्हंजी आपल्या पैशानं आपल्यालाच हुकूम.” सगळं स्वतः बघायचं असं त्यानं ठरवलं. अजिनाथाला मजुरीवर बोलावलं आन् पहिल्याच दिवशी त्याची लाल रेघ बंद करायला लावली.

“ही डबी खोटं बोलत असंल तर कुनाला कळायचं?” सहादेव म्हणाला. “ओळंबा न्हाई का तुझ्याकडं? बापाचा असंल की.”

असा मी बाहेर आलो. ह्या माणसाबद्दल मला पुढं जे काही वाईट सांगायचंय, ते ऐकताना एवढं ध्यानात ठेवा.

शेजारचा छगन रोज दूध घालायला जाता येता खड्ड्याशी थांबायचा.

“नाना, हाटेल काढताय का काय?”

“व्हय. पह्यला चहा तुलाच पाजनार, बुडवून.”

“न्हाई पन, लोकं प्यायला टँकर मागत्यात आन् तुमी पवायला हौद बांधताय. चांगलं दिसतं का ते?”

सहादेव खड्ड्यातून वर बघत म्हणाला, “पानी माझ्या हिरीचं हाय. ते माझ्या गुरांच्या घासालाच जायचंय. घासाला जायाच्या आधी माझ्या बायकोच्या पायाला लागून गेलं तर तुझं काय वाईट झालं?”

छगन त्यानंतर कमी थांबायला लागला.

काम मात्र सहादेवानं असं करून घेतलं की मी उभ्या जन्मात बघितलं नव्हतं. काळी माती सगळी उचलली, का तर ती उन्हाळ्यात फाटते आन् पावसाळ्यात फुगते. मुरूम लागेपर्यंत जेसीबी खाली घातला. तळाला मुरूम दाबून घेतला. वाळू तळहातावर चोळून बघायचा, हात मळला की अख्खी खेप माघारी. भिंती एका दिवसात ओतून घेतल्या, मधे सांधा पडू दिला नाही. मग पंधरा दिवस पोत्यांवर पाणी मारत बसला. पोती वाळली तर स्वतःचं अंग वाळल्यासारखा ओरडायचा. दोन मजूर पळाले, तिसरा बहिरा होता म्हणून टिकला.

आन् दर तासाला मी. “ओळंबा लाव. परत लाव.” मला भिंतीपासून केसभरही लांब जाऊ दिलं नाही. मी फुगलो होतो. लपवत नाही.

एवढ्या सगळ्यात केशरबाई कुठं होती? ओट्यावर. ज्या बाईसाठी हे चाललं होतं ती लांबून आवाज ऐकायची आन् चहाला पाणी ठेवायची. तिला कुणी खड्ड्याशी बोलावलं नाही. आपल्याकडं तशी रीतच नाही. घर बाईचं म्हणायचं आन् चुलीचा ओटा गवंड्याच्या कमरेइतका उंच करायचा.

पायऱ्यांची वेळ आली तेव्हा अजिनाथानं विषय काढला.

“नाना, काकूंना एकदा हितवर आना. पायरी किती उंच धरायची ते बघू.”

“तिला काय कळतंय त्यातलं? हिरीला असत्यात तशा कर. फुटाफुटाच्या.”

“हिरीत धडधाकट मानूस उतरतंय, नाना. काकूंचा पाय किती उचलतोय ते बघाया नको का?”

“मला शिकवू नको. चाळीस वर्स संसार केलाय मी. फूट म्हनलं की फूट.”

“मंग तुमचा तुमी बांधा,” अजिनाथ म्हणाला आन् पिशवी उचलून मोटारसायकलला किक मारली. मी उगवतीच्या भिंतीला टांगलेला होतो. मला विसरून गेला.

पायऱ्या सहादेवानं स्वतः बांधल्या, त्या बहिऱ्या मजुराला हाताशी धरून. मला लावून बघितलं. एकदम सरळ. मी तसं सांगितलं. सरळपणाच्या पलीकडं मला काही विचारलंच नव्हतं.

गुढीपाडव्याच्या आधी हौद भरला. पाण्याच्या रेघेला खडू मारून पाच दिवस ठेवला. रेघ हलली नाही. सहादेव शेजाऱ्यापाजाऱ्यांना हाताला धरून ती रेघ दाखवत होता.

पाडव्याला नारळ फोडला. केशरबाई काठी टेकत आली, जुनं लुगडं नेसून, कारण पाण्यात उतरायचं होतं. चार बाया आल्या होत्या, छगन होता. सहादेव आधीच पाण्यात जाऊन उभा राहिला.

“ये,” तो म्हणाला.

केशरबाईनं काठी बाजूला दिली. कठड्याला धरून उजवा पाय पुढं केला. खालची पायरी फूटभर खाली होती. डाव्या गुडघ्यावर सगळं अंग यायला लागलं तसं तिनं पाय मागं घेतला. मग डावा करून बघितला. मग कठड्यावर बसली, बसून सरकावं म्हणून, पण गुडघा दुमडेना.

“अगं, ये की. पानी गार न्हाई.”

“पान्याचं न्हाई वो.”

एक बाई म्हणाली, उचलून ठेवू या का. केशरबाई मानेनंच नको म्हणाली. थोडा वेळ तशीच बसून तिनं सगळा हौद नजरेनं बघून घेतला. मग सहादेवाला म्हणाली, हळू, पण मी भिंतीलाच होतो, मला ऐकू आलं.

“लई चांगला झालाय हौद. पन तुमी तुमच्या पायानं बांधला. चाळीस वर्स माझ्या फुडं चालला तुमी. माझा पाय तुमाला दिसायचा कुठून?”

ती काठी टेकत घरात गेली. बाया गेल्या. नारळाची शकलं तशीच पडली होती.

पुढचे दिवस मला आठवू नयेत असे. पाणी हिरवं झालं. छगनाची पोरं येऊन उड्या मारायची, सहादेव त्यांना हाकलायचा नाही, बोलवायचाही नाही. केशरबाई आता ओट्यावरसुद्धा येत नव्हती. खाट आतल्या खोलीतून खिडकीशी आणली, एवढंच. ऊन वाढत चाललं होतं. पावसाळ्याला दोन महिने उरले होते.

मी भिंतीला लोंबत होतो. आमच्या भिंतीत दोष नव्हता. हीच तर खोड. सरळ भिंत बांधली म्हणजे काम झालं, असं मी जन्मभर समजत आलो. वाकलेल्या माणसाला सरळ भिंतीचा काय उपयोग, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

एक दिवस सहादेवानं मला खुंटीवरून काढलं, रुमालात बांधलं आन् अजिनाथाच्या दारात जाऊन उभा राहिला.

“तुझा ओळंबा राह्यला हुता.”

अजिनाथ जेवत होता. “हा द्यायला सहा किलोमीटर आला व्हय, नाना?”

“व्हय.”

अजिनाथानं हात धुतला. सहादेव उंबऱ्यातच उभा होता.

“पायऱ्या फोडायच्यात,” सहादेव म्हणाला.

“काकूंना बोलवाल का माप द्यायला?”

“बोलवीन.”

“माझ्याफुडं त्यांच्यावर ओरडायचं न्हाई.”

“न्हाई ओरडनार. मर्दा, चल आता.”

दुसऱ्या दिवशी हौद घासाला सोडून रिकामा केला. केशरबाईला ओट्याच्या भिंतीला टेकून उभं केलं. अजिनाथ म्हणाला, “काकू, दुखायच्या आधी जेवढा उचलंल तेवढाच पाय उचला. जास्त न्हाई.”

तिनं पाय उचलला. अजिनाथानं तळपायाखाली आडवी बोटं घालून बघितली. चार बोटं. पाचवं मावलं नाही.

सहादेव खाली बसला होता, उकिडवा, तिच्या पायाशी. त्या टाचेला उसाच्या खुंटाचा जुना वण आहे. घोट्यावर सूज. तो बराच वेळ बघत राहिला.

“लई सुजलाय की गं.”

“आत्ता दिसला व्हय,” केशरबाई म्हणाली. पण आवाजात काटा नव्हता.

मग अजिनाथानं माझी दोरी तिच्या छातीशी धरली, मला जमिनीला टेकवलं आन् जिथं छाती आली तिथं दोरीला गाठ मारली. आजवर माझी दोरी भिंतीलाच लागली होती. माणसाच्या अंगाला लागायची ही पहिली वेळ.

जुन्या पायऱ्या पहारीनं फोडल्या. नव्या चार चार बोटांच्या, चौदा. एका भिंतीला मावेनात म्हणून कोपऱ्यातून वळवून दुसऱ्या भिंतीला नेल्या. निम्मा हौद पायऱ्यांनीच खाल्ला. कडेला धरायला लोखंडी पाईप बसवला. छगनानं येऊन बघितलं आन् म्हणाला, “नाना, हा हौद हाय का घाट?” सहादेव त्याच्यावर ओरडला नाही. म्हणाला, “घाटच समज.”

मला त्या पाईपाला बांधून पाण्यात सोडलंय. माझं टोक तळाला टेकलंय आन् गाठ जिथं येते तिथवर पाणी भरायचं, वर नाही. आठ दिवसांनी पाणी घासाला जातं, नवं येतं. सहादेवाला आता खडू लागत नाही.

ओळंब्यानं टेकायचं नसतं. टेकला की त्याचं काम संपलं. मी टेकलोय. अंगावर हिरवा थर चढलाय, दोरीही किती दिवस टिकेल सांगता येत नाही. मला त्याचं दुःख नाही. तंबाखूच्या चुऱ्यापेक्षा हे बरं.

डॉक्टर म्हणतो, गुडघे होते तसे परत व्हायचे नाहीत. कोरड्या जमिनीवर केशरबाई अजून वाकूनच चालते, काठी घेऊन, चुलीपासून ओट्यापर्यंत. पण खिडकीशी आणलेली खाट परत आत गेली.

तुम्ही घर बांधा, हौद बांधा, काय बांधायचं ते बांधा. दोरी लावायच्या आधी, ज्याच्यासाठी बांधताय त्याला तिथं आणून उभं करा. त्याचा पाय बघा. एवढं एकच मला तुम्हाला सांगायचं होतं, त्यासाठी एवढं बोललो.

सकाळी ऊन कौलावर आलं की दोघं येतात. सहादेव आधी उतरतो, पण उलटा. पाठ पाण्याकडं, तोंड तिच्याकडं, दोन्ही हात तिच्या हातात आन् नजर तिच्या पायावर. एक पायरी, मग थांबायचं. दुसरी, मग थांबायचं. चौदा पायऱ्या होईपर्यंत तो एकदाही मागं वळून बघत नाही.

पहिल्या दिवशी पाणी छातीला लागल्यावर केशरबाईनं त्याचे हात सोडले. पाईपापाशी, माझ्या दोरीच्या शेजारी येऊन उभी राहिली. कंबर हळूहळू सुटत गेली, खांदे वर आले.

मी जन्मभर एकच काम केलंय. सरळ काय असतं ते मला कळतं. ती माझ्या दोरीइतकी सरळ उभी होती.