साडेनऊ मिलिमीटर

गल्लीत त्याला सगळे मोजपट्टी म्हणत, आणि ते नाव त्याने कमावलेलं होतं. लॅपटॉप दुरुस्तीत वीस वर्षं काढूनही तो नव्या ड्राइव्हचं पाकीट आधी फोडत नसे. जाड पुठ्ठ्याचे तुकडे एकमेकांवर चिकटवून त्याने ड्राइव्हच्या आकाराच्या वड्या केल्या होत्या: सात मिलिमीटरची, साडेनऊची, पंधराची. आधी वडी खाचेत ठेवायची, वर झाकण लावायचं, आणि झाकण फुगलं नाही तरच पाकीट फोडायचं. कुणी "दाबून बसवा की राव" म्हटलं की त्याचं डोकं फिरायचं. एका गिऱ्हाइकाला त्याने स्क्रू ड्रायव्हर फेकून मारला होता, आणि लगेच माफीही मागितली होती.

दुपारी जी बाई आली ती नर्स होती, अंगावर दवाखान्याचाच पोशाख. डावा डोळा सुजून बंद झालेला आणि ओठाला दोन टाके, बहुधा तिनेच घातलेले. तिने लॅपटॉप आणि एक खोकं काउंटरवर ठेवलं.

"दादा, यात ही मोठी ड्राइव्ह बसेल का? पटकन सांगा."

"घाई का?"

"घरात कॅमेरा लावलाय, सगळं यात साठतं. जुनी ड्राइव्ह चार दिवसांत भरते आणि मागचं पुसून त्यावर नवं घेते. उद्या मंगळवार पुसला जाईल. वकीलबाई म्हणतात, चित्रणाचे कापलेले तुकडे नकोत, अख्खी ड्राइव्ह आणा. ही काढून जपायची आहे, आणि पुढच्या तारखेपर्यंत मोठी लावायची आहे."

काढण्याआधी ड्राइव्ह धड वाचली जाते का हे तो नेहमी बघायचा. त्याने लॅपटॉप चालू केला आणि मंगळवारच उघडला. स्वयंपाकघर दिसलं. एक धिप्पाड माणूस याच बाईची मान धरून तिचं तोंड ओट्याच्या कडेवर आपटत होता. एकदा, दोनदा. मग ती खाली पडली आणि तो तिला लाथा घालू लागला, पोटात, बरगड्यांत, अगदी सवयीचं काम उरकावं तसा. मोजपट्टीने खटकन स्क्रीन मिटला. त्याचा स्वतःचा हात घरी बायकोवर दोनदा उठला होता. दोनदाच, असं तो स्वतःला बजावत आला होता.

"ही पंधरा मिलिमीटरची आहे," खोक्यावरचं माप वाचून तो म्हणाला. "झाकणच लागणार नाही. साडेनऊची दोन टीबी आहे माझ्याकडे, पंधरा-सोळा दिवस पुरेल. थांबा, बघतो."

त्याने जुनी ड्राइव्ह काढून तिच्या हातात दिली. ती तिने पर्समध्ये टाकली. साडेनऊची वडी खाचेत ठेवून त्याने झाकण लावलं, वरून बोट फिरवलं. कुठेही फुगवटा नव्हता. "बसतेय," तो म्हणाला, आणि तेवढ्यात दार भिंतीवर आपटलं.

तोच माणूस होता. प्रत्यक्षात आणखी आडदांड.

"दवाखान्यात जाते म्हणून इथे? माझाच लॅपटॉप घेऊन?" त्याने लॅपटॉप उचलला आणि काउंटरच्या कडेवर हाणला. काच फुटून सगळीकडे उडाली. पुन्हा हाणला, तेव्हा बिजागऱ्या तुटल्या आणि पाठीचं झाकण उडून पुठ्ठ्याची वडी जमिनीवर पडली. त्याने ती उचलून निरखली. क्षणभर गोंधळला, मग ड्राइव्ह काढून घेतल्याचं त्याच्या ध्यानात आलं.

"कुठंय ती?" त्याने बायकोचे केस मुठीत धरले आणि तिचं डोकं मागे खेचलं. तिने पर्स पोटाशी गच्च धरली. त्याने तिच्या टाके घातलेल्या ओठावरच गुद्दा मारला. टाके उसवले आणि रक्त हनुवटीवरून गळ्यात उतरलं, पण तिने पर्स सोडली नाही.

मोजपट्टी काउंटरवरून उडी मारून आला. त्याने नवऱ्याची गचांडी धरली, त्याचं तोंड टेबलाला जडवलेल्या लोखंडी पकडीवर आपटलं आणि कडाक्कन नाक मोडल्याचा आवाज आला. माणूस गुडघ्यांवर बसला. "बास! बास!" तो ओरडला. इथे थांबायला हवं होतं. मोजपट्टी थांबला नाही. त्याने त्याला आडवा पाडला, छातीवर बसला आणि तोंडावर बुक्क्या घालत राहिला. मग उठून नवऱ्याचा जमिनीवर पडलेला हात त्याने बुटाखाली चिरडला. बोटं मोडल्याचं पायाला कळलं, आणि ते त्याला आवडलं. किती मारलं ते त्याने मोजलं नाही.

शेजारच्या चष्मेवाल्याने त्याला मागून मिठी मारून ओढून काढलं. "अरे, मरेल तो! वेडा झालास का?" नवरा रक्ताच्या गुळण्या टाकत होता, पण श्वास चालू होता. चष्मेवाल्याने रुग्णवाहिकेला आणि पोलिसांना फोन लावला.

मोजपट्टीचे हात कोपरापर्यंत लाल झाले होते. त्याला बरं वाटत होतं, आणि तसं वाटतंय याचीच त्याला लाज वाटली. तो बाईकडे वळला.

"ताई, ड्राइव्ह द्या. आत्ताच नक्कल काढून ठेवतो. दुसरा लॅपटॉपही देतो माझा, मोठी त्यात बसेल. पैसे नकोत."

ती भिंतीला पाठ लावून उभी होती. पर्स तिने दोन्ही हातांनी धरली होती. जमिनीवरच्या नवऱ्याकडे ती बघतही नव्हती. तिचा उघडा डोळा मोजपट्टीच्या मुठींवर होता.

"नको," ती म्हणाली. "दुसरं दुकान सांगा. बाईचं असेल तर बरं."

त्याला म्हणायचं होतं की मी तुमच्यासाठीच मारलं. असंच काहीतरी तो घरीही म्हणाला होता, तुझ्या भल्यासाठीच म्हणून, दोन्ही वेळा.

"चौकातून डावीकडे," तो म्हणाला. "औषधांच्या दुकानाच्या वर. तिथे एक बाई बसते, तिचा हात चांगला आहे."

"पोलीस आले तर मी तिथे आहे म्हणावं," ती चष्मेवाल्याला म्हणाली, आणि दाराकडे सरकली. उंबऱ्याशी तिने चौकट धरली. आधार द्यायला मोजपट्टी एक पाऊल पुढे आला.

"तुम्ही आतच थांबा," ती म्हणाली.

तो आतच थांबला.